सुटकेनंतरची परीक्षा

रमजानचा सतरावा रोजा बद्रच्या लढाईची आठवण घेऊन येतो. हिजरी सन २, म्हणजे इ.स. ६२४ मधली ही लढाई. तीत पकडलेल्या मक्केच्या काही कैद्यांकडे सुटकेसाठी पैसे नव्हते. पण त्यांना लिहिता-वाचता येत होते. मदिनेतल्या मुलांना शिकवा आणि मोकळे व्हा, असा मार्ग प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी काढला. कालचे शत्रू मुलांचे उस्ताद झाले.

मीरा-भाईंदरला हा विषय परका नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोडजवळ. १८० हून अधिक माणसे गेली. पकडलेल्यांत मीरा रोडचे रहिवासीही होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. हा निकाल इतर खटल्यांत दाखला मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

एकोणीस वर्षांनी दार उघडते तेव्हा बाहेरचे शहर बदललेले असते. हजरत यूसुफ (अ.) यांना बादशाहाचे बोलावणे आले, तरी आधी आरोपाची शहानिशा करा, असा निरोप त्यांनी पाठवला. इज्जत परत मिळाल्याशिवाय सुटका अपुरी राहते, हे ते जाणून होते.

मग ज्याने खरोखर गुन्हा केला आणि शिक्षा भोगली, त्याचे काय? दारू प्यायल्याची शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शिव्याशाप दिले, तेव्हा प्रेषितांनी रोखले: आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका. शिक्षा न्यायालयाने दिली, ती संपली. मोहल्ल्याने त्यात आपली भर घालायचे कारण नाही.

ही भर रोजच्या व्यवहारात पडते. नाव कळताच भाड्याची खोली नाकारली जाते, नोकरी हुकते, मुलीचे स्थळ परत जाते. माणूस मग जुन्याच संगतीकडे वळतो आणि लोक म्हणतात, ‘बघा, सुधारला नाही.’

मदतीच्या वाटा आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी, तर शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत साहाय्य मिळू शकते. कुरआनने सांगितलेल्या जकातीच्या आठ हक्कदारांत फकीर-मिस्कीन आहेत, तसे कर्जदारही आहेत. वकिलाच्या फीपायी दागिने गहाण टाकलेले घर यांत बसते की नाही, हे मशिदीच्या इमामसाहेबांना विचारता येईल.

पैशाहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. तरावीहच्या सफेत तो शेजारी येऊन उभा राहिला, तर खांद्याला खांदा लावायचा. आणि ईदनंतर, दुकानात माणूस हवा असेल तेव्हा, त्यालाच आधी विचारायचे.