देवराईतून शिकू संशोधनाची पद्धत

भोर-वेल्ह्यातल्या अनेक गावांत देवाच्या नावानं राखलेलं रान, म्हणजे देवराई, आजही आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा शोधनिबंध 1976 साली प्रसिद्ध केला. त्यात झाडांची माहिती होती, तशीच माणसांच्या श्रद्धांचीही.

नव्या विद्यार्थ्यानं इथूनच धडा घ्यावा. ‘देवराईचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘रस्त्यालगतच्या राईत रोपं कमी उगवतात का?’ हा प्रश्न झाला, कारण त्याचं उत्तर मोजता येतं. त्यासाठी रस्त्यालगतच्या आणि दूरच्या, दोन्ही प्रकारच्या राया निवडाव्यात. प्रत्येकीत 10 मीटर बाय 10 मीटरचे चौकोन, मनाला आवडतील तिथं नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून ठरवावेत आणि त्यांतली रोपं मोजावीत.

पण राई का राखली, हे मोजपट्टी सांगत नाही. त्यासाठी पुजारी, गुराखी, वयस्कर बाया अशा वेगवेगळ्या लोकांशी, त्यांची संमती घेऊन बोलावं. उत्तरं जुळली नाहीत, तर तेही नोंदवावं. वहीत पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःला वाटलेलं वेगवेगळं लिहावं. निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.