बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बाप्तिस्मा झाला की माणूस ख्रिस्ती झाला, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती अध्यात्माच्या दृष्टीने मात्र तो केवळ आरंभ असतो. स्वतःची इच्छा बाजूला सारून ईश्वराची इच्छा शिरोधार्य मानणे, म्हणजेच शरणागती, हा पुढील वाटचालीचा गाभा मानला जातो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना हा तिचा आदर्श. दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी तीत आहे आणि अखेर पित्याच्या इच्छेचा स्वीकारही आहे. विनवणीचा भाग पुष्कळदा विसरला जातो आणि शरणागती म्हणजे निमूटपणे मान तुकवणे, असा अर्थ रूढ होतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र हा अर्थ खोडून काढते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला असताना, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या आज्ञाधारक शिष्या होतील, ही अपेक्षा फोल ठरली. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा प्रश्न केला. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेरल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या वादांनी भरलेला आहे. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या अधीन होण्यास रमाबाई तयार नव्हत्या.

तरीही त्यांना समाधान नव्हते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे. स्वतःचेच प्रवचन करताना अंतर्बाह्य पालटलेल्या हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. आपली विद्वत्ता, आपली सत्कृत्ये यांवर विसंबणे सोडून त्या ख्रिस्ताला शरण गेल्या, त्या वेळी बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे लोटली होती. बिशपांच्या अधिकारापुढे न झुकलेली ही स्त्री ईश्वरापुढे झुकली, ती स्वतःच्या निर्णयाने.

या शरणागतीची किंमत लवकरच मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यात आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सदनाशी संबंध तोडला. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार होता, असे म्हणता येत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा मिळाला. या साऱ्यांना पुरेल असे निश्चित उत्पन्न नव्हते. रोजच्या अन्नासाठीही प्रार्थनेचा आधार होता, आणि त्याच्या जोडीला शेती, विणकाम, छपाई अशी कामेही चालत.

बायबल सामान्य मराठी स्त्रीला समजावे, म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून भाषांतर हाती घेतले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले, ते त्यानंतर.