सायबर सुरक्षेचे प्रमाणपत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या सायबर सुरक्षा प्रमाणपत्राचा विचार बोलून दाखवला, की दोन परस्परविरुद्ध मते त्याच्या कानी पडतात : ही संगणक फोडण्याची विद्या आहे, हे एक, आणि हा दाखला हाती आला म्हणजे पुण्यात मोठा हुद्दा ठरलेलाच, हे दुसरे.

यांपैकी पहिले मत सत्याच्या अगदी उलट आहे. परवानगीवाचून, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा अपराध असून, अभ्यासक्रमात हल्ल्याच्या रीती शिकवल्या जातात त्या बचावाकरिता. त्या बचावाचे मोल ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसले. तेथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि त्यांतील बहुतांश रक्कम ११ तारखेस, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना, बनावट कार्डांनी देशोदेशींच्या एटीएममधून काढली गेली. कारण एटीएमची मागणी बँकेच्या मुख्य खातेवहीपर्यंत नेणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला तोतया स्विच उभा केला होता, आणि तो शिल्लक रकमेची विचारपूस न करताच मंजुरी देत होता. अशी विसंगती नोंदींतून वेळीच ओळखणे, हेच या क्षेत्रातील नवशिक्याचे पहिले काम. ते पाळ्यांनी, रात्रीही, चालते आणि त्याला चिकाटी लागते.

दुसऱ्या मताविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. प्रमाणपत्राने नोकरीचे दार उघडते, हुद्दा मिळत नाही; सीआयएसएसपीसारखी प्रतिष्ठित सनद तर परीक्षेखेरीज सामान्यतः पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागते. नोकऱ्याही मुख्यतः पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथेच एकवटल्या आहेत, हे वऱ्हाडातील पालकांपासून लपवू नये. तथापि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटनेची वर्दी सहा तासांत देणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केल्यामुळे, बँका, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या यांनाही हे काम जाणणारी माणसे लागू लागली आहेत.

हे केवळ अभियंत्यांचे क्षेत्र आहे, हा समजही सोडावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हिशेबतपासणीची दृष्टी येथे फार उपयोगी पडते. मात्र नेटवर्क आणि लिनक्स यांचा पाया त्याला कष्टाने घालावा लागेल.

दूरस्थ शिक्षण कमी प्रतीचे, असेही सरसकट म्हणता येत नाही; इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठानेही माहिती सुरक्षेचे अभ्यासक्रम चालवले आहेत. शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाला अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही याची खातरजमा करावी, आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष किती तास मिळतील, हे लेखी विचारून घ्यावे.