मनाची विचारपूस (लेखांक ७) : एक स्टेशन पुढे

मागच्या आठवड्यात झोपेबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच वाचकांनी एकच विचारलं. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात; मग जायचं कुणाकडे? आमच्या घरात याचं उत्तर मिळायला आठ महिने लागले. दादाला विचारूनच ते इथे लिहितोय.

दादा राहतो घाटकोपरला, नोकरी अंधेरीला. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा त्याच्याइतका आनंद कुणाला झाला नसेल, कारण बसने साकीनाका ओलांडण्यातच त्याची निम्मी सकाळ जायची. काही वर्षांनी एका सोमवारी, मरोळ नाका यायच्या आत, गच्च भरलेल्या डब्यात त्याच्या छातीत धडधडायला लागलं. हातांना मुंग्या, घसा कोरडा, श्वास पुरेना. आता आपण इथेच जाणार, एवढंच डोक्यात. कुणीतरी हाताला धरून त्याला उतरवलं, पाणी पाजलं.

ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळं झालं. ते करायलाच हवं होतं. अशा त्रासात आधी हृदय तपासून घ्यावंच. पण रिपोर्ट चांगले आल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’ त्या वाक्याचा मला अजून राग येतो. आपण मरतोय असं ज्याला वाटलंय, त्याला ‘काही नाही’ म्हटलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही.

दादाने सांगणं बंद केलं. मेट्रो सोडून परत बस धरली. बसमध्ये दाराजवळच उभा राहायला लागला. मग लिफ्ट सुटली, मग लग्नकार्यं. वहिनी म्हणायची, ‘हल्ली हे फार चिडचिड करतात.’

त्या सोमवारी आला तो पॅनिक अटॅक. खरा धोका नसताना शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळतं, श्वास भराभर होतो. त्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. त्याने जीव जात नाही. पण माणूस ज्या जागेतून पळ काढतो, त्या जागेची भीती त्या पळण्यानेच घट्ट होते. दादाचं तेच होत होतं.

शेवटी वहिनी त्याला महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली. केस पेपर काढला, मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर दीड तास बसले. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून दादा मान खाली घालून होता. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी झोप विचारली, भूक विचारली, दारू, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, तेही. मग त्याच आवाजात, ‘जगणं नकोसं वाटतं का कधी?’ वहिनी दचकली. असं विचारल्याने भलतंच मनात येईल, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. तसं होत नाही, हे संशोधनातून दिसलेलं आहे. उलट मनात असलेलं बाहेर येतं. दादा म्हणाला, ‘दोन-तीनदा वाटलं.’ आठ महिन्यांत आम्ही कुणीही त्याला हे विचारलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला पोट बिघडू शकतं. दहाव्या दिवशी दादा त्या सोडायला निघाला होता. त्यांची सवय लागेल म्हणून लोक घाबरतात. दादाच्या डॉक्टरांनी समजावलं, या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण मनाने, एकदम बंदही करायच्या नाहीत.

आणि मग मेट्रो. शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, घाटकोपर ते जागृती नगर. एकच स्टेशन. धडधड सुरू झाली तरी लगेच परतायचं नाही, फलाटावर बसायचं, ती ओसरेपर्यंत. छोट्या वहीत भीतीला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी नऊ होते. वहिनी शेजारी बसून होती, काही न बोलता. सहा झाले तेव्हा ते परत आले. मग असल्फा, मग साकीनाका. मरोळ नाक्याला तीन आठवडे गेले.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. कूपर, शीव, केईएम, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मुलुंडकरांना डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली ठाण्याची आयपीएच ही संस्था जवळ पडते. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झालं असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच फोन करा, आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. जीव धोक्यात असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक थांबतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

दादा आता अंधेरीपर्यंत मेट्रोने जातो. अजून दाराजवळच उभा राहतो. पुढच्या लेखांकात सोबत जाणाऱ्या माणसाबद्दल लिहीन. त्या फलाटावर गप्प बसून राहणं किती अवघड होतं, ते वहिनीने परवा पहिल्यांदाच सांगितलं.