बागेतली कार्यशाळा: पॅनेल की लाकडी सांगाडा?

ब्रिटनमध्ये घरामागच्या बागेत सुतारकामाची खोली बांधताना भिंतींसाठी दोन पर्याय प्रामुख्याने पुढे येतात. उष्णतारोधक पॅनेलमध्ये ओएसबीच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या, साधारण 11 मिमी जाडीच्या दोन तक्त्यांमध्ये पॉलियुरेथेन किंवा थर्माकोलचा गाभा असतो. लाकडी सांगाड्यात 400 किंवा 600 मिमी अंतरावर उभे वासे लावून मधल्या पोकळीत बहुधा खनिज लोकर भरतात.

पॉलियुरेथेनमधून उष्णता लोकरीपेक्षा बरीच कमी वाहते, शिवाय वाशांतून होणारी गळतीही टळते. त्यामुळे तेवढ्याच उबेसाठी पॅनेल पातळ पुरते. याचा फायदा छतात विशेष जाणवतो, कारण इंग्लंडमध्ये हद्दीपासून 2 मीटरच्या आत नियोजन परवानगीशिवाय बांधलेली शेड 2.5 मीटरहून उंच चालत नाही. पॅनेलची उभारणीही झटपट होते, पण पाया अगदी सपाट लागतो. तक्त्यांच्या कडा उघड्या राहिल्या तर त्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सांधे बारकाईने बंद करावेच लागतात.

यंत्रे चालणार असतील तर आवाजाचा विचार आधी करावा. हलके, ताठ पॅनेल करवतीचा आवाज फारसा अडवत नाही. दाट लोकर आणि जिप्सम बोर्डाचे दोन थर असलेला सांगाडा तो अधिक रोखतो. त्यात वायरिंग आणि पुढचे फेरफारही सोपे जातात. मात्र आतल्या, उबदार बाजूला बाष्परोधक पडदा हवाच. तो नसेल तर हिवाळ्यात भिंतीच्या आत ओल धरते आणि वासे कुजतात. वायुवीजन दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे, नाहीतर हत्यारे गंजतात.