भिंत मुलांची की ठेकेदाराची?

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या जुन्या शाळेच्या वर्गांना ठेकेदाराकडून ऑइलपेंट लागला. वाघ, रेल्वे, सौरमाला, सगळं देखणं आहे. पण त्यावर कागद चिकटवायला आणि खडूने लिहायला मनाई आहे. मुलांच्या अक्षराला तिथे जागा उरली नाही, हे मनाला फार लागलं.

१९८७ च्या खडू-फळा मोहिमेनंतर शाळांत साहित्य येत राहिलं. पण पुढची वीसेक वर्षं भिंतीवर तेच ते. बाराखडी, पाढे, नकाशा. तक्ता एकदा खिळ्याला टांगला की पिवळा पडेपर्यंत हलायचा नाही.

वारं फिरलं ते २०१० नंतर. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतील असे, वर्ग उभे राहिले आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. आमच्याकडेही तळफळे झाले. मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर भिंतीला काळा पट्टा, प्रत्येकाची आपली जागा. दुसरीतली मुलगी शब्दडोंगर रचायची: पाऊस, पाऊस आला, रात्री पाऊस आला, काल रात्री पाऊस आला. शेजारचा ते वाचून आपला डोंगर वाढवायचा. चुकलं तर पुसायचं. कोण कुठे अडलंय, ते एका फेरीत कळायचं. वर दोरीला मुलांनीच केलेली भित्तिपत्रकं असत, ती सारखी बदलत.

मग तपासणीला येणारे साहेब फोटो काढू लागले. मुलाला एक ओळ वाचायला सांगायची सवड त्यांना नव्हती, मोकळा कोपरा मात्र लगेच दिसायचा. ‘बोलक्या भिंती’ हव्यात म्हणून वर्ग छतापर्यंत भरले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवलं होतं, की सजावटीने गच्च भरलेल्या वर्गात लहान मुलांचं लक्ष अधिक उडतं आणि शिकणं कमी होतं. आम्ही शिक्षक ते रोज पाहत होतो, सांगतही होतो. ऐकलं कोणी नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. उघडल्या तेव्हा तळफळ्यांचे पापुद्रे निघाले होते. पुढे निधी आला, तो रंगावर गेला.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना कळकळीची विनंती आहे. रंग जरूर द्या, पण खालची तीन फूट भिंत मुलांसाठी सोडा. आणि महिनाभर ज्याकडे एकाही मुलाने पाहिलं नाही, ते उतरवून ठेवा.