ब्रुजमध्ये एक रात्र तरी मुक्काम हवा
बेल्जियममधील ब्रुज हे मध्ययुगीन शहर अनेक पर्यटक ब्रसेल्सहून येऊन एका दिवसात उरकतात. तेथेच चूक होते. रेल्वेने अंतर तासाभराचेच, त्यामुळे दुपारी मार्क्ट चौकात पाय ठेवायला जागा नसते. सायंकाळी गर्दी ओसरली, की कालव्याकाठच्या विटांच्या घरांचे खरे रूप दिसते. समुद्राकडे जाणारी झ्विन खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पकडे वळला आणि वैभव ओसरलेले हे शहर बऱ्याच अंशी जुन्या रूपातच टिकले. घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या अरुंद व चढणीच्या आहेत. गुडघे दुखत असल्यास तो खालूनच पाहावा. रेल्वे स्थानकापासून चौक वीसेक मिनिटांच्या चालीवर असला, तरी दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढताना जीव मेटाकुटीस येतो. त्यापेक्षा स्थानकाबाहेरून सुटणारी शहर बस बरी.